टिफनीच्या दिव्यावरचे चतुर कुणाचे?

तिरपं_ऊन

गेल्या महिन्यात भारतातून भाची आली होती. तिला घेऊन न्यू यॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहालयात गेले. आम्ही जर्सीत राहून चौदा वर्षं झाली, पण पाहुणे आल्याशिवाय आपण कुठे काही बघतो! चौथ्या मजल्यावर एक काळोखं दालन आहे. आत शिरलं की एकदम शंभर दिवे. सगळे टिफनीचे, सगळे लागलेले.

भाची एका दिव्यापाशी अडकली. दिव्याच्या छत्रीच्या (म्हणजे शेडच्या) कडेनं डोकं खाली करून ओळीनं बसलेले चतुर. (चतुर म्हणजे लहानपणी शेपटीला दोरा बांधून उडवायचो तोच. आता लाज वाटते.) डोळ्यांच्या जागी लाल काचेचे फुगीर मणी. पंखांवर पितळेची इतकी बारीक जाळी की दिवा लावला की पंखाच्या शिरा दिसाव्यात. खालच्या पट्टीवर रचनाकाराचं नाव होतं, क्लारा ड्रिस्कॉल. भाचीनं विचारलं, "मग टिफनी कोण?"

घरी येऊन वाचत बसले, त्यातून हा धागा.

लुई कम्फर्ट टिफनी (१८४८–१९३३) हा दागिन्यांच्या प्रसिद्ध पेढीच्या मालकाचा मुलगा. बापाच्या गादीवर न बसता चित्रकार झाला, मग श्रीमंतांची घरं सजवायला लागला. १८८२ मध्ये त्यानं व्हाइट हाउसच्या खोल्या सजवल्या, तिथे रंगीत काचेचा एक मोठा पडदा बसवला. १९०२ मधल्या नूतनीकरणात तो काढून टाकला गेला. १८८५ मध्ये त्यानं काचेची कंपनी काढली. धंदा मुख्यतः खिडक्यांचा. अमेरिकेत तेव्हा चर्चेस धडाधड उभी राहत होती आणि प्रत्येकाला खिडक्या हव्या होत्या.

दिवे नंतर आले, आणि त्यामागे दोन अगदी व्यावहारिक गोष्टी होत्या. एक म्हणजे वीज. एडिसनचा बल्ब १८७९ चा, न्यू यॉर्कमधलं त्याचं वीजकेंद्र १८८२ चं. तोवर दिवा म्हणजे रॉकेल किंवा गॅस. ज्योत वर, धूर वर, त्यामुळे वरची बाजू मोकळी ठेवावी लागायची. बल्ब उलटा टांगला तरी चालतो, धूर नाही, पण उघडा बल्ब डोळ्यांत खुपतो. त्याला झाकण हवं, आणि ते झाकण आता छत्रीसारखं खाली वळवता येत होतं. दुसरी गोष्ट, खिडक्या कापताना उरणारे काचेचे तुकडे. नखाएवढ्या तुकड्यातही सुंदर रंग असायचा. खिडकीला तो निरुपयोगी, दिव्याला सोन्यासारखा. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे समजवावं लागणार नाही.

आणि इथे बायका येतात. १८९२ मध्ये न्यू यॉर्कच्या काच कापणाऱ्या कारागिरांनी संप केला. टिफनीला तर १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी काम पुरं करायचं होतं. संघटनेत बायकांना प्रवेशच नव्हता, त्यामुळे त्या संपावर जाण्याचा प्रश्नही नव्हता. टिफनीनं सहा बायकांचा काचकापणी विभाग सुरू केला. दोन वर्षांत त्या पस्तीस झाल्या. विभागप्रमुख क्लारा ड्रिस्कॉल, मूळची ओहायोची.

१८९८ च्या सुमारास जोडकाचेच्या, म्हणजे काचेचे तुकडे जोडून केलेल्या, छत्र्या सुरू झाल्या. चतुरांचा दिवा १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पदक घेऊन आला. १९०१ च्या सुमारास विस्टेरिया आला, जांभळ्या फुलांचे घोस लटकलेला, एका छत्रीत जवळजवळ २००० तुकडे. दोन्ही क्लाराचे. आणि शंभर वर्षं दोन्ही लुईच्या नावावर.

भाचीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता आलेलं नाही. इथे कुणी सांगाल?

---

पोपटी_तावदान

मस्त लिहिलंयस. विस्टेरियाचा फोटो शोधून पाहिला, पाच मिनिटं नुसती बघत बसले. वाचतेय.

---

गवंडीकाका

लेख आवडला, पण शेवटच्या वाक्याचा सूर पटला नाही. चाळीस वर्षं बांधकामात काढली म्हणून सांगतो, कंपनीच्या नावानं माल विकला जाणं यात चोरी नसते. आणि लुई नुसता मालक नव्हता. क्लारानं जे केलं ते ज्या काचेतून केलं, ती काच त्याच्या ध्यासाची.

युरोपातल्या जुन्या चर्चमधल्या खिडक्या आठवा. तिथे चेहरे, कपड्यांच्या चुण्या, सावल्या हे सगळं काचेवर रंगानं काढून भट्टीत भाजलेलं असतं. म्हणजे काच हा कागद आणि वर चित्र. लुईला ते नको होतं. रंग, सावली, चुणी सगळं काचेच्या अंगातच हवं होतं. स्वच्छ, निर्दोष काच त्याला आवडेना. मुरंब्याच्या स्वस्त बरण्या आणि बाटल्या त्याला जास्त पसंत, कारण त्यांत अशुद्ध द्रव्यं राहिल्यानं रंगाला जीव असायचा.

दुधी झाक असलेल्या ओपलेसंट काचेचं पहिलं पेटंट मात्र त्याचं नाही. ते जॉन ला फार्ज या चित्रकाराचं, १८८० चं. लुईची पेटंटं १८८१ ची. दोघांचं जन्माचं वाकडं झालं. तेव्हा "नाव कुणाचं" हा प्रश्न विचारायचाच असेल तर ला फार्जपासून विचारा!

१८९३ मध्ये लुईनं क्वीन्समधल्या कोरोना इथे स्वतःच्या भट्ट्या लावल्या. कारभार आर्थर नॅशकडे, तो इंग्लंडातल्या स्टोअरब्रिजहून आलेला. तिथे काय काय व्हायचं पाहा. वितळलेल्या काचेचा तवा टेबलावर ओतला की चिमट्यांनी ओढून त्याला साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या पाडायच्या. ही ड्रेपरी काच. देवदूतांच्या झग्यांना वापरायची. किंवा पापडाहून पातळ रंगीत काच फुगवून फोडायची, तिच्या कपच्या टेबलावर पसरायच्या आणि त्यांवर वितळलेली काच लाटायची. पोळपाटावर तीळ पसरून भाकरी दाबावी तसं. दिव्यात ही काच पानांमागच्या झाडीसारखी दिसते, लांबून पाहिलं तर वाटतं मागे अख्खी बाग आहे.

---

तिरपं_ऊन

काका, ला फार्जचा मुद्दा बिनशर्त मान्य. काचेचाही. चोरी मीही म्हणत नाही. पण दोन गोष्टी ऐका.

क्लारा आई आणि बहिणींना लांबलचक पत्रं लिहायची. त्यांचा एक गठ्ठा क्वीन्स हिस्टॉरिकल सोसायटीत होता, दुसरा ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात. मार्टिन आयडेलबर्ग, नीना ग्रे आणि मार्गारेट होफर या अभ्यासकांनी ती पत्रं जुळवली, आणि २००७ मध्ये त्यावर मोठं प्रदर्शन भरलं. त्या पत्रांत कुठल्या दिव्याची कल्पना तिला कशी सुचली, खर्चावरून व्यवस्थापकांशी कशी हुज्जत झाली, हे सगळं रोजच्या गप्पांसारखं आहे. तिचं नाव अगदीच लपलेलं नव्हतं, १९०४ मध्ये न्यू यॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आलं होतं. पण पुढे सगळे विसरले. कंपनी बुडाल्यावर कंपनीची कागदपत्रंही फारशी उरली नाहीत. घरच्यांनी पत्रं टाकून दिली असती तर आज आपण हे बोलतच नसतो.

दुसरं म्हणजे कंपनीचा नियम. लग्न झालेल्या बाईला नोकरी नाही. क्लारा पहिल्यांदा लग्न करून बाहेर पडली. नवरा १८९२ मध्ये वारला, तेव्हा परत आली. मग पुन्हा लग्न ठरलं, पुन्हा बाहेर. तो होणारा नवराच गायब झाला! पुन्हा परत. शेवटी १९०९ मध्ये तिनं लग्न केलं आणि टिफनी स्टुडिओ कायमचा सुटला. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

पगार आठवड्याला ३५ डॉलर, त्या काळी बाईला चांगलाच. विस्टेरियाची किंमत होती साधारण ३५० डॉलर. म्हणजे स्वतःच काढलेला दिवा घ्यायचा तर दहा आठवडे उपाशी राहायला हवं.

---

सातवी_ब

>> तो होणारा नवराच गायब झाला!

यावर वेगळा धागा हवा. 😀

मला प्रश्न पडलाय, संप मिटल्यावर पुरुषांनी त्या बायकांना शांतपणे काम करू दिलं?

---

तिरपं_ऊन

अजिबात नाही. १९०३ मध्ये पुरुषांची संघटना उठली, की दिव्यांचं नि खिडक्यांचं काम बायकांकडून काढून घ्या. लुई बायकांच्या बाजूनं उभा राहिला, हे काकांसाठी मुद्दाम सांगते. तडजोड अशी झाली की विभाग राहील, पण सत्तावीसच्या वर बायका घ्यायच्या नाहीत. साधारण वाटणी अशी पडली, की चौकटी-त्रिकोणांच्या सरळसोट छत्र्या पुरुषांकडे. फुलं, पानं, चतुर बायकांकडे. लुईचं मत होतं की रंगाची नजर बायकांची जास्त चांगली. कौतुक आहे की चौकट, तुम्हीच ठरवा. बायका काच निवडायच्या, कापायच्या, तांब्याची पट्टी लावायच्या. मग सोल्डरिंग पुरुषांकडे जायचं.

---

मोरचूद

शेवटी माझ्या कामाचा धागा आला! मी नाशिकला, छंद म्हणून सहा वर्षं हेच करतोय. तांब्याची पट्टी म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण सगळी गंमत तिच्यात आहे.

जुन्या खिडकीत शिशाची पट्टी वापरतात. तिचा छेद इंग्रजी 'एच'सारखा, दोन्ही बाजूंच्या खाचांत काच बसते. मजबूत, पण जाड. तिनं चतुराचा पंख करायला गेलात तर कुंपण होईल. दिव्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या कडेला कागदासारखी पातळ तांब्याची पट्टी गुंडाळतात. टिफनीच्या कारखान्यात ती मेणानं चिकटवत, आता मागे गोंद लावूनच रीळ येतं. पट्टी दोन्ही बाजूंना सारखी दुमडायची, लाकडी पट्टीनं घोटायची. मग तुकडे शेजारी शेजारी ठेवून फटीवरून कथील-शिशाचं सोल्डर वाहवायचं. ते काचेला धरत नाही, तांब्याला धरतं. आतून आणि बाहेरून दोन्हीकडे. थंड झालं की ती चांदीसारखी बारीक शीर दिसते. तिच्यावर मोरचुदाचं पाणी फिरवलं की तांबूस-तपकिरी रंग चढतो. (टोपणनावाचा उलगडा झाला असेल.)

घुमटासारखी छत्री करायला लाकडाचा साचा लागतो. पगडीचं कळबूत पाहिलंय? तसंच. त्यावर नक्षी आखलेली असते आणि तुकडे तिथेच जुळवत जायचे. एकाच साच्यावर एकाच नक्षीचे दहा दिवे काढले तरी प्रत्येकात काच वेगळी निवडलेली, म्हणून दोन दिवे सारखे नसतात. काचेच्या मोठ्या तावातून "हा ढग इथे पाकळीचं टोक होईल" असं बघून फर्मा ठेवायचा. माझ्या हातून अजून हे नीट होत नाही. काच कापायला येतं सगळ्यांना, निवडायला नाही.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी जोशात कमळाची छत्री घेतली, १८० तुकडे. कटरला रॉकेल लावून रेघ मारली की कापड फाटल्यासारखा टर्रर्र आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर रेघ लागली नाही. हे मला साठ तुकडे वाया घालवल्यावर कळलं. एक रविवार संध्याकाळी अर्धी छत्री सोल्डर झाली, आणि मी ती साच्यावरून सकाळपर्यंत थांबायचं सोडून तशीच उचलली. आतून सोल्डर नसल्यानं मध्यावर मोडली आणि मांडीवर आली. बायकोनं आधी जखम बघितली, मग कपाळाला हात लावला. मुलीनं तुकडे मोजले. ती छत्री अजून माळ्यावर, खोक्यात आहे.

नवीन करणाऱ्यांना एकच: शिशाचं काम आहे, खिडकी उघडी ठेवा, हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका. त्या काळच्या बायकांना हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

---

पोपटी_तावदान

"काच कापायला येतं सगळ्यांना, निवडायला नाही." टिफनीचे चतुर कुणाचे, याचं उत्तर मला यातच दिसतंय.

अवांतर: सीएसटीच्या इमारतीत आणि राजाबाई टॉवरमध्ये रंगीत काचा आहेत, त्या टिफनीच्या धर्तीच्या का? लहानपणी बाबांबरोबर गाडीची वाट बघताना वर बघत बसायचे.

---

गवंडीकाका

नाही. राजाबाई टॉवर १८७८ चा, सीएसटी (तेव्हाचं व्हिक्टोरिया टर्मिनस) १८८७–८८ चं. टिफनीचे दिवे तेव्हा जन्मलेही नव्हते. मुंबईची परंपरा इंग्लंडची, शिशाच्या पट्ट्या आणि भाजलेले रंग. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या. तिथे सकाळी जाऊन चेहऱ्यांवरच्या सावल्या जवळून पाहा, कुंचल्याच्या रेघा दिसतात. मी वर 'काच हा कागद' म्हणालो ते हेच. पण त्या कागदावरची चित्रंही अफलातून आहेत, माझं वाक्य जरा चढेल झालं.

---

खडीसाखर

मला कुणीतरी दिलासा द्या. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दुकानातून 'अस्सल टिफनी लॅम्प' घेतला होता. ४ हजारांत! घरी आल्यावर पुसला तर फडक्यावर रंग आला. परत पाठवायची मुदत संपली होती. नवरा अजून "आपला अमेरिकन वारसा" म्हणतो.

---

मोरचूद

ताई, रंग फडक्यावर आला म्हणजे काच नाहीच, किंवा काचेवर वरून रंग. 'टिफनी' हे आता जीन्ससारखं झालंय, जोडकाचेचा कुठलाही दिवा टिफनी. त्या काळातही हँडेल, डफनर अँड किम्बर्ली असे प्रतिस्पर्धी होतेच आणि त्यांचे दिवेही उत्तम आहेत. मूळ टिफनीच्या बैठकीवर सहसा 'टिफनी स्टुडिओज न्यू यॉर्क' असा ठसा आणि क्रमांक असतो, पण ठसा मारायला काय लागतं? वजन बघा. बैठक ब्रॉन्झची, उचलायला दोन हात लागावेत. छत्रीवर हलकी टिचकी मारा. शंभर वर्षांत तुकडे आपापल्या घरात किंचित सैल होतात, बारीक खुळखुळ ऐकू येते. आणि दिवा बंद करून बघा. चांगली काच न पेटवताही काहीतरी सांगते. तुमची बहुतेक गप्प असेल.

---

सातवी_ब

४ हजारांवरून आठवलं, खऱ्यांची किंमत किती असते?

---

तिरपं_ऊन

त्याचा आलेख फार चमत्कारिक आहे. पहिल्या महायुद्धानंतर लोकांना सरळ रेघा, क्रोम, मोकळ्या भिंती आवडायला लागल्या. फुलापानांचे दिवे म्हणजे आजीच्या खोलीतला पसारा. १९३२ मध्ये टिफनी स्टुडिओजचं दिवाळं निघालं आणि पुढच्या वर्षी लुई गेला. लोकांनी दिवे कचऱ्यात टाकले, शिसं-ब्रॉन्झ भंगारात घालायला छत्र्या फोडल्या.

१९३५ मध्ये एगॉन न्यूस्टाट नावाचे दातांचे डॉक्टर आणि त्यांची पत्नी हिल्डेगार्ड यांनी घर सजवण्यासाठी ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका दुकानातून डॅफोडिल फुलांचा एक दिवा घेतला. साडेबारा डॉलरला. दुकानदाराला वाटलं असेल बरं झालं, एक धोंड गेली. नवराबायकोनं मग जन्मभर दिवे जमवले, दोनशेच्या वर. मी पाहिलेल्या दालनाचा पाया हाच. त्यांनी १९८४ मध्ये १३२ दिवे त्या संग्रहालयाला दिले.

१९९७ मध्ये गुलाबी कमळांचा एक दिवा क्रिस्टीजच्या लिलावात २८ लाख डॉलरला गेला. २०१८ मध्ये पाणकमळांचा एक, ३३ लाखांच्या वर.

लुईनं लाँग आयलंडवर बांधलेला लॉरेल्टन हॉल हा राजवाडाच म्हणा, १९५७ मध्ये जळाला. टिफनीचं काम जपणाऱ्या मॅककीन दांपत्यानं राखेतून जे जमेल ते उचललं. त्यातलंच, शिकागोच्या प्रदर्शनातलं त्याचं प्रार्थनागृह आज फ्लोरिडात विंटर पार्कच्या मोर्स संग्रहालयात उभं आहे. तिथे जायचं राहिलंय.

---

रेवाकाठ

उशिरा येतोय. वडोदऱ्याहून लिहितो, म्हणून इकडचा एक धागा जोडतो.

दिव्यांच्या आधी, घरं सजवण्याच्या काळात लुईचा एक भागीदार होता, लॉकवुड डी फॉरेस्ट. हा लग्नानंतर बायकोबरोबर हिंदुस्थानात आला आणि इथल्या लाकडी कोरीवकामानं वेडा झाला. १८८१ मध्ये त्यानं अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर कोरीवकामाचा कारखाना काढला. तेव्हा अहमदाबाद मुंबई इलाख्यातच होतं. तिथल्या सुतारांनी कोरलेले सागवानी झरोके, पट्ट्या, कमानी जहाजानं न्यू यॉर्कला जायच्या आणि ज्या घरांत लुईच्या काचा लागायच्या त्या वर्तुळातल्या घरांत बसायच्या.

डी फॉरेस्टचं स्वतःचं घर मॅनहॅटनमध्ये पूर्व १० व्या रस्त्यावर ७ क्रमांकाला आहे. पहिल्या मजल्याची पुढे आलेली खिडकी पूर्ण सागवानी, वेलबुट्टी कोरलेली. सव्वाशेच्या वर हिवाळे खाऊन उभी आहे. मुलाकडे गेलो होतो तेव्हा पदपथावर उभा राहून बघत बसलो, तर मुलगा म्हणतो, "बाबा, असलं आपल्या पोळीत शंभर आहेत." (पोळ म्हणजे इकडची जुन्या शहरातली गल्ली-वस्ती.) आहेत खरे. आमच्या पोळीतल्या कुणाला कोरणाऱ्याचं नाव ठाऊक नाही, आणि तिथेही नाही. क्लाराची निदान पत्रं सापडली.

---

तिरपं_ऊन

रेवाकाठ, ही खिडकी मला माहीतच नव्हती! त्या रस्त्यावरून कित्येकदा गेलेय. भाचीला फोटो पाठवायचा आहे, शनिवारी जाते.

मोरचूद, माळ्यावरच्या खोक्यात किती तुकडे शाबूत आहेत?

---

मोरचूद

आत्ता उतरवून मोजले. ११३. मुलगी म्हणते पाकळ्या पुरतील, पानांची काच नवीन आणावी लागेल.